घरचा टोमॅटो सॉस तिसऱ्या आठवड्यात फसफसला

प्रश्न (सांगली):
नमस्कार. टोमॅटोचे भाव उतरल्यावर दिरांच्या शेतातले पाच किलो टोमॅटो आणून मी सॉस केला. रस गाळून, त्यात साखर, मीठ आणि तिखट घालून दाट होईपर्यंत आटवला व पूर्ण गार झाल्यावर धुतलेल्या बाटल्यांत भरला. तिसऱ्या आठवड्यात झाकण फिरवताच फस्स असा आवाज झाला आणि वर बुडबुडे आले. दुसऱ्या बाटलीच्या गळ्याशी काळे कडे धरले आहे. मुलांना सॉस घरचाच द्यावा अशी फार इच्छा आहे. कृपया चूक सांगावी.

उत्तर (वाई):
ताई, वरचा फेस काढून तो सॉस वापरू नका, सगळा टाकून द्या. यीस्टमुळे तो आंबला आहे, आणि गार करून भरणे हेच मला त्याचे मुख्य कारण वाटते, कारण पातेले उघडे राहते तेवढ्या वेळात यीस्ट पुन्हा आत शिरते. काचेच्या बाटल्या पाण्यात 15 मिनिटे उकळून कोरड्या करा, त्या गरम असतानाच उकळता सॉस भरा, आणि झाकण लावून, तळाशी फडके घातलेल्या पातेल्यात, उकळत्या पाण्यात 30 मिनिटे ठेवा. एक किलो रसाला मी 75 ग्रॅम साखर, 10 ग्रॅम मीठ आणि 25 मिली व्हिनेगर घेते. कांदा, आले, लसूण, दालचिनी, मिरी यांची पुरचुंडी रसात सोडते आणि शेवटी घट्ट पिळून काढते. व्हिनेगर अगदी शेवटी घालावे, नाहीतर त्यातला आंबटपणा वाफेबरोबर उडतो. रस आटून एक तृतीयांश झाला की ताटलीत थेंब टाकून पाहा. कडेने पाणी सुटत असेल तर अजून आटवायला हवा.

उत्तर (कऱ्हाड):
बाटल्या लहान घ्याव्यात, म्हणजे फोडलेली बाटली फ्रिजमध्ये राहून लवकर संपते. जास्त दिवस टिकवायचा असल्यास एक किलो तयार सॉसला पाव ग्रॅम सोडियम बेंझोएट थोड्या गरम पाण्यात विरघळवून घालावे. अंदाजाने चिमूट मात्र कधीही टाकू नये. काळ्या कड्याबद्दल विचारतो, सॉस कशात आटवला होता आणि लवंग घातली होती का?

प्रश्नकर्ती:
बिडाच्या कढईत आटवला होता, आणि लवंगाही अख्ख्याच घातल्या होत्या.

उत्तर (कऱ्हाड):
मग कारण तेच. टोमॅटोच्या आंबटपणाने कढईतले लोह सॉसमध्ये उतरते आणि लवंगेतल्या टॅनिनशी मिळून काळे पडते. पुढच्या वेळी स्टीलचे जाड बुडाचे पातेले घ्या आणि लवंगांची डोकी काढून टाका.