पूर ओसरला, सोमवारी शाळा भरणार. मुलांना आणि शिक्षकांना पहिले काही आठवडे कसं सांभाळायचं?

नदीकाठची_शाळा
नमस्कार. कोल्हापूरजवळच्या करवीर तालुक्यातली जिल्हा परिषदेची शाळा, पहिली ते सातवी. पुराच्या काळात शाळेतच निवारा केंद्र होतं. शेवटची कुटुंबं आता घरी परतली, खोल्या धुऊन ब्लीचिंग मारून झाल्या. निम्म्याहून जास्त मुलांच्या घरात पाणी होतं, काहींची जनावरं गेली. दोन शिक्षकांची घरंही पाण्यात होती आणि बाकीच्यांना पंचनाम्याची ड्युटी लागली आहे.

मुलांशी पुराबद्दल बोलायचं, की विषयच काढायचा नाही? 'मी पाहिलेला पूर' असा निबंध द्यावा, असं काही सहकाऱ्यांचं म्हणणं आहे. कोणत्या मुलाला डॉक्टरांकडे पाठवायचं हे कसं ओळखायचं? आणि शिक्षकच दमलेले असताना हे करायचं कुणी? दोन वर्गांवर पत्रा आहे, जोराची सर आली की बोललेलं ऐकू येत नाही. त्या वेळी काय करावं, हेही सांगा.

शाळा_समुपदेशक
सर, निबंध नको. चित्राचा विषयही ठरवून देऊ नका. कागद आणि खडू समोर ठेवा, ज्याला जे काढायचं ते काढू दे. कुणी पाणीच काढलं तर "हे काय आहे, सांगतोस का?" एवढंच विचारावं. नाही म्हणाला तर तिथे थांबावं. विषय टाळायचा नाही, पण उकरायचाही नाही. मूल स्वतःहून बोललं तर बाकीची कामं बाजूला ठेवून ऐकायचं. "रडू नको, शूर आहेस ना" हे वाक्य मात्र कटाक्षाने टाळा. ते ऐकलं की मूल पुढे बोलायचं थांबतं.

पहिले तीन-चार दिवस मुलांना सगळ्यात जास्त गरज असते ती पुढे काय होणार हे माहीत असण्याची. म्हणून दिवसाचा क्रम फळ्यावर लिहा आणि तसाच पाळा. परिपाठ नेहमीचाच, प्रार्थना तीच, बसायच्या जागा पुराआधीच्याच. तासिका मात्र २०-२५ मिनिटांच्या ठेवा, कारण झोप न झालेलं मूल त्यापुढे टिकत नाही. हजेरी घेताना गैरहजर मुलांबद्दल वर्गाला खरं ते सांगा: "तो मामाकडे आहे, पुढच्या आठवड्यात येईल." काहीच सांगितलं नाही तर मुलं मनात भलतंच धरून बसतात.

पत्र्यावर सर आली की शिकवणं थांबवा, आवाज चढवू नका. त्या वेळेसाठी एक ठरलेली कृती आधीच कोरड्या दिवशी शिकवून ठेवा: दोन्ही पाय जमिनीवर टेकवायचे, चार मोजत श्वास आत, सहा मोजत बाहेर, असं पाच वेळा. मग दिसणाऱ्या पाच वस्तू, हाताला लागणाऱ्या चार, ऐकू येणारे तीन आवाज बोटांवर मोजायचे. डोळे उघडे ठेवूनच. बरेच जण ध्यानासारखं डोळे मिटायला लावतात, पण घाबरलेल्या मुलाला डोळे मिटल्यावर पाणीच दिसतं. आणि ही कृती पहिल्यांदा ऐन पावसात शिकवायला गेलात तर जमणार नाही.

लहान वर्गांत काय दिसेल: आईला न सोडणं, सुटलेलं अंथरूण ओलं करणं पुन्हा सुरू होणं, रोज त्याच वेळेला पोट दुखणं. सहावी-सातवीत चिडचिड, मारामारी, नाहीतर एकदम गप्प होणं. गप्प मुलाकडे आधी बघा. त्रास देणाऱ्याकडे लक्ष जातंच.

केंद्रशाळा_जुनी
गुरुजी, ड्युटीबद्दल. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ नुसार शिकवण्याबाहेरची जनगणना, निवडणूक आणि आपत्ती निवारण ही तीनच कामं शिक्षकांना देता येतात. त्यामुळे पूरकाळातल्या कामाला सरळ नकार देता येणार नाही. पण ते कुणी, किती दिवस करायचं यावर बोलता येतं. गटशिक्षणाधिकाऱ्यांना आजच लेखी द्या: ज्यांची घरं पाण्यात होती त्या दोघांना या कामातून वगळावं आणि बाकीच्यांना आलटून पालटून पाठवावं, म्हणजे रोज ठरावीक शिक्षक वर्गावर राहतील. तोंडी विनंती विसरली जाते. पायाभूत चाचणी पुढे ढकलण्याची मागणी त्याच पत्रात घाला, शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव जोडा.

गणवेशाची सक्ती निदान महिनाभर नको. "कुणाची पुस्तकं वाहून गेली, हात वर करा" असं वर्गात विचारू नका. पालकांकडून यादी घ्या आणि संच दप्तरात गुपचूप ठेवा. मदत वाटणारे येतील, त्यांना दारातच सांगा की मुलाच्या हातात वही देतानाचे फोटो काढायचे नाहीत. सातवीतल्या मुलाला तो फोटो गावाच्या ग्रुपवर दिसला की तो दुसऱ्या दिवशी शाळेत येत नाही.

पोषण आहार पहिल्याच दिवसापासून शिजला पाहिजे. स्वयंपाक करणाऱ्या ताईंच्या घरातही पाणी असू शकतं, त्यांना आधी विचारून बदली माणूस ठरवा. काही मुलं खिचडी डब्यात भरून घरी न्यायला बघतील. ओरडू नका, घरी चूल पेटली आहे का ते बघा.

पाढे_आणि_परवचा
वरच्या सगळ्याशी सहमत, फक्त एक भर. आठवडाभर नुसते खेळ आणि गाणी असं करू नका. दुसऱ्या दिवसापासून अभ्यास घ्या, पण मुलांना येत असलेला: पाढे, मागच्या इयत्तेतली कविता, शुद्धलेखनाची चार वाक्यं. एकसुरात पाढे म्हणताना मूल शांत होतं आणि आपल्याला अजून येतंय हे त्याला कळतं. नवीन धडा दुसऱ्या आठवड्यात.

नदीकाठची_शाळा
फार उपयोगी, सगळ्यांचे आभार. पत्र आज देतो. दोन शंका राहिल्या. निवारा केंद्रात असल्यापासून पाचवीतली एक मुलगी दप्तर पाठीवरून काढत नाही, मांडीवर घेऊन जेवते. दर थोड्या वेळाने "पाणी किती फूट?" विचारते. दुसरं, एक संस्था एक दिवसाचं शिबिर घ्यायचं म्हणते. त्यात सगळ्या मुलांना गोलात बसवून अनुभव सांगायला लावणार आहेत.

मानसोपचार_ओपीडी
शिबिराला नम्रपणे नकार द्या. आघातानंतर लगेच एकाच बैठकीत सगळ्यांकडून अनुभव वदवून घेण्याने फायदा होत नाही, काहींचा त्रास वाढतो. जागतिक आरोग्य संघटनाही अशी पद्धत वापरू नये असंच सांगते. शिवाय ती माणसं संध्याकाळी निघून जातात आणि उघडी पडलेली मुलं तुमच्याकडे राहतात. संस्थेला खरंच मदत करायची असेल तर महिनाभर आठवड्यातून दोन दुपारी येऊन मुलांशी खेळायला सांगा, म्हणजे तेवढा वेळ शिक्षक मोकळे होतील.

त्या मुलीचं दप्तर काढायला लावू नका. या वेळच्या पाण्याची खूण भिंतीवर दिसत असेल, तिच्या वर एक खुंटी ठोका आणि "हवं तेव्हा इथे अडकव" म्हणा. कधी अडकवायचं ते तिला ठरवू दे. 'किती फूट'चं उत्तर दिवसातून दोनदाच, ठरलेल्या वेळी आणि एकाच माणसाने द्यावं: परिपाठात आणि मधल्या सुट्टीत. फळ्यावर पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी लिहा, शेजारी ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका. मधे विचारलं तर "सुट्टीत बघू" म्हणायचं. दर वेळी उत्तर दिलं तर घटकाभर बरं वाटतं आणि मग भीती आणखी लवकर परत येते. तुमच्या गावात पाणी कितव्या फुटाला शिरतं ते जाणत्या माणसांना विचारून तेही लिहा, आणि त्या आकड्याला शाळा काय करणार हे मुलांसोबत ठरवा: दप्तर कुठे जाणार, कुणाला कोण न्यायला येणार, जनावरं कुठे हलवणार. "काही होणार नाही" हे वचन देऊ नका, कारण पंचगंगेला २०१९ नंतर २०२१ मध्येही महापूर आला हे मुलांना ठाऊक आहे. पालकांच्या ग्रुपवर शाळेकडून दिवसाला एकच संदेश जाऊ दे. राधानगरी धरणाचे दरवाजे उघडल्याचे जुने व्हिडिओ रात्री फिरतात आणि घरात मुलं ते बघत असतात.

डॉक्टरांकडे कधी? पहिल्या महिन्यातली भीती, वाईट स्वप्नं, रडणं यांना लगेच आजार म्हणू नका. घरची आणि शाळेची घडी बसली की बहुतेक मुलं सावरतात. चार आठवड्यांनंतरही झोप, जेवण, शाळेत येणं बिघडलेलंच असेल तर कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात पाठवा. मरणाबद्दल किंवा स्वतःला इजा करण्याबद्दल मूल बोललं, बोलणंच बंद केलं, किंवा खाणंपिणं सोडलं, तर चार आठवडे थांबायचं नाही. त्याच दिवशी, एकटं न सोडता, पालकांना सोबत घेऊन यायचं. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास मोफत आहे, मराठीत बोलता येतं. मूल बेवारस झालं असेल किंवा कुणी त्याला त्रास देत असेल तर १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन.

१४४१६ शिक्षकांसाठीही आहे, हे स्टाफरूममध्ये मोठ्या अक्षरात लावा. दोन-दोन शिक्षकांची जोडी करा. एकाचा आवाज चढू लागला किंवा डोळे भरून आले, की खूण केल्यावर दुसऱ्याने दोन्ही वर्गांवर नजर ठेवायची आणि पहिल्याने दहा मिनिटं बाहेर जायचं, कारण न विचारता. शाळा सुटल्यावर पंधरा मिनिटंच बसा: आज कोणतं मूल वेगळं वाटलं, उद्या काय लागेल, उद्या कुणाला लवकर जायचं आहे. त्या बैठकीत कुणालाही घरची हकीकत सांगायला लावू नका. ज्या दोघांच्या घरात पाणी होतं त्यांना पहिल्या आठवड्यात पहिली-दुसरी देऊ नका, तिथली मुलं दिवसभर अंगाला बिलगतात. आणि गुरुजी, त्या जोड्यांमध्ये तुमचंही नाव घाला. मुख्याध्यापकांनी हे आपल्यासाठी नाही असं धरलं, तर स्टाफरूममधलं कुणीच ती खूण करणार नाही.

नदीकाठची_शाळा
जोडीत नाव घातलं. खुंटी रविवारीच ठोकून घेतो, सोबत बाकीच्या मुलांसाठीही एक रांग.