मदत हवी आहे: वॉशिंग मशीन फिरतच नाहीये, कपडे पाण्यात पडून आहेत

भांडुपकरीण
कालपासून मशीन बंद पडल्यासारखं झालंय. पाणी भरतं, आवाज येतो, पण आतलं काहीच हलत नाही. स्पिनही होत नाही. सासूबाई अंथरुणाला खिळून आहेत, रोज दोन-तीन चादरी निघतात, त्यात हा पाऊस. मेकॅनिक आला, मशीन न उघडताच "पीसीबी (मशीन चालवणारा इलेक्ट्रॉनिक बोर्ड) गेला, साडेचार हजार" म्हणाला. काय करू? लवकर सांगा.

लालबागकर
टॉप लोड की फ्रंट लोड? सेमी की फुल्ली? किती वर्षं झाली?

मुलुंडची मावशी
अगं, पाणी पूर्ण पातळीपर्यंत भरतंय का ते बघ आधी. आमच्याकडे सकाळी नळाला जोर नसला की अर्ध्यावर अडकतं. ठरलेली पातळी आल्याशिवाय मशीन फिरायला लागतच नाही.

भांडुपकरीण
टॉप लोड, फुल्ली ऑटोमॅटिक, साडेसहा किलो. २०१७ मध्ये घेतलं. पाणी पूर्ण भरतं हो, वर टाकी आहे.

वसईवाला
क्षार साचले असणार. डीस्केलिंग पावडर टाकून रिकामं चालवा. आमच्याकडे दर दोन महिन्यांनी करावं लागतं.

लालबागकर
वसईवाले, तुमच्याकडे बोअरिंगचं पाणी असेल. भांडुपला तानसा-वैतरणा-भातसाचं पाणी येतं, ते मऊ असतं. आणि क्षारांमुळे वॉश आणि स्पिन एकाच दिवशी बंद पडत नाहीत. फुल्ली ऑटोमॅटिकमध्ये दोन्ही कामांना मोटर एकच असते. माझ्या मते कपॅसिटर, म्हणजे मोटरला सुरू व्हायला जोर देणारा भाग, गेलाय. आमचा गेला होता, अगदी हीच लक्षणं. नवा फार महाग नसतो.

वसईवाला
टँकरही येतात की सोसायट्यांत. मी अनुभवाचं सांगतोय.

जुना फिटर
ताई, "आवाज येतो" म्हणजे कसला? त्यावरच सगळं आहे. कपॅसिटर गेला की मोटर जागच्या जागी घुमते, जड "हंऽऽ" असा आवाज येतो आणि ती तापते. मोटरचं फिरणं वर पोचवणारा बेल्ट तुटला किंवा निसटला की मोटर मोकळी पळते, गरगर आवाज येतो, वर मात्र काही हलत नाही. प्लग काढून आतली चकती हाताने फिरवून बघा. आणि पाणी बाहेर जातं का, तेही सांगा.

ठाणेकर
सात वर्षांच्या मशिनीवर पैसे घालू नका. सरळ फ्रंट लोड घ्या. पाणी कमी लागतं, कपडेही जास्त पिळून निघतात.

मुलुंडची मावशी
चादरी रोजच्या असतील तर फ्रंट लोडचं एक-एक चक्र दोन-दोन तास चालतं. तिला काय हवंय ते तरी बघा. तोवर चादरी बादलीत भिजव गं.

भांडुपकरीण
पाणी जातं. आवाज गरगरच आहे, मिक्सर रिकामा चालवल्यासारखा. चकती एका बोटाने फिरते, जराही जड लागत नाही.

जुना फिटर
मग बेल्टच. पीसीबी मोटरला वीज देतोय म्हणून तर ती फिरतेय. प्लग काढा, ड्रेनचा पाइप मोरीत खाली टाकून पाणी पूर्ण जाऊ द्या. मग दोघांनी धरून मशीन मागे भिंतीला टेकवून तिरकं करा आणि टॉर्चने खालून बघा. मोटरची लहान पुली आणि मधली मोठी पुली, यांच्यावर बेल्ट असतो. आत दुसऱ्या कशाला हात लावू नका, कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही चार्ज राहतो.

लालबागकर
गरगर आवाज असेल तर मी कपॅसिटरचं मागे घेतो.

भांडुपकरीण
मिस्टर आल्यावर तिरकं केलं. बेल्ट खाली पडलाय, दोन तुकडे. कडा कुरतडल्यासारख्या आहेत आणि खाली लेंड्या!! दोन वायरींचंही वरचं प्लास्टिक खाल्लंय, आतली तार दिसतेय. त्या माणसाने वाकून पाहिलं असतं तर पहिल्याच दिवशी कळलं असतं. आता घरी बसवता येईल का?

जुना फिटर
बेल्ट बसवाल. त्यावर एम आणि पुढे आकडा छापलेला असेल, तुकडे घेऊनच दुकानात जा, अंदाजाने आणू नका. आधी लहान पुलीवर चढवा, मग मोठी पुली हाताने फिरवत सायकलच्या चेनसारखा ओढून घ्या. मधोमध दाबल्यावर साधारण एक सेंटिमीटर दबला पाहिजे. सैल वाटला तर मोटरचे बोल्ट ढिले करून ती थोडी सरकवता येते. पण वायरींचं काम इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या. ते होईपर्यंत प्लग लावायचा नाही. ओल्या जागेतली मशीन आहे, शॉक बसेल.

मुलुंडची मावशी
आणि खालून जाळी लाव. पावसाळ्यात गटारं भरली की उंदीर वर येतात, आमच्या मजल्यावर तिघांचे पाइप कुरतडलेत.

ठाणेकर
उंदरांसाठी कोणतं औषध चांगलं?

भांडुपकरीण
बेल्ट मिळाला, ३५० रुपये. इलेक्ट्रिशियन उद्या सकाळी येतोय. जाळी कुठल्या मापाची लावू, फिटरदादा?

जुना फिटर
मशीनचा तळ मोजा, तेवढीच तयार जाळी स्पेअरवाल्याकडे मिळते. ड्रेन पाइपला जागा सोडा, पण पाइपपुरतीच.