छोट्या कुत्र्यांना कच्चं मांस: नाशिककरांनो, अनुभव लिहा

आमच्या सोसायटीत कुत्रेवाल्यांचे दोन पक्ष पडलेत. एक पाकिटातल्या दाण्यांचा, दुसरा कच्च्या मांसाचा. वरण-भातवाले मधल्या मध्ये गप्प बसतात. ऑस्ट्रेलियातले पशुवैद्य इयान बिलिंगहर्स्ट यांनी १९९०च्या दशकात 'बार्फ' नावाने कच्च्या मांसाची ही पद्धत गाजवली, हे आता सगळ्यांना पाठ झालंय. पण चार-सहा किलोच्या जिवाला नेमकं किती घालायचं, हे विचारलं की जो तो आपल्या अंदाजाने हात हलवून दाखवतो. म्हणून हा धागा. कुत्र्याचं वजन, काय दिलं, काय झालं, तेवढं लिहा. लांडग्याचे वंशज वगैरे नको. आमचा लांडगा शित्झू आहे, कुकरची शिट्टी झाली की सोफ्याखाली जातो. त्याला अजून काही सुरू केलेलं नाही.

इंदिरानगर, स्पिट्झ, सहा किलो

(आपल्याकडे पॉमेरेनियन म्हणून विकतात ते बहुतेक स्पिट्झच असतात. आमचाही तसाच.)

वजनाच्या अडीच टक्के धरते, म्हणजे दिवसाला १५० ग्रॅम. त्यात १२० मांस, १५ हाड, १५ अवयव, आणि अवयवांतली निम्मीच कलेजी. साडेसात ग्रॅम कलेजी म्हणजे अंगठ्याच्या पेराएवढा तुकडा. मोठ्या कुत्र्याला कलेजीचे दोन तुकडे इकडचे तिकडे झाले तर खपून जातं, इथे नाही. रोज जास्त गेली तर अ जीवनसत्त्व अंगात साठत जातं. म्हणून केकसाठी आणलेला छोटा डिजिटल काटा आता पूर्ण त्याचा झालाय. हृदय मात्र मांसातच मोजायचं. अवयव म्हणजे कलेजी, गुर्दे, तिल्ली.

रविवारी चिकनवाल्याकडून ब्रॉयलरच्या माना आणते, कातडी काढून. आमचा हावरट आहे, न चावता गिळतो, म्हणून सुरीच्या पाठीने मान ठेचून देते आणि खाऊन होईस्तोवर जवळ बसते. बाकी मांस रोजच्या मापाने छोट्या डब्यांत भरून फ्रीजरमध्ये. आदल्या रात्री एक डबा खाली फ्रीजमध्ये उतरवायचा, ओट्यावर नाही.

फरक म्हणाल तर शी कमी, घट्ट, वासही कमी. खडूसारखी पांढरी झाली की हाड जास्त झालं समजायचं. केस चमकतात असं सगळे म्हणतात, मला तरी आधीही चमकतच होते. खाज गेली नाही, ती पिसवांची निघाली. दातांवरचा पिवळा थर वरवर कमी दिसतो, पण डॉक्टरांनी हिरडी उचलून दाखवली तेव्हा आत होताच. छोट्या जबड्यात दातांची दाटी, तिथे मानेचं हाड पोचत नाही. ब्रश करावाच लागतो.

देवळाली कॅम्प, पग

आमच्याकडे मटणाची चरबी आणि छाटण यायचं, फुकट मिळतं म्हणून घरचे सगळे खूश. एका रात्री उलट्या सुरू झाल्या. पुढचे पाय जमिनीला टेकवून, मागचा भाग वर करून उभा राहायचा, नमस्काराला वाकल्यासारखा. पोटाला हात लावू देईना. स्वादुपिंडाला सूज. सलाईनवर होता, वाचला. डॉक्टर म्हणाले, कच्चं की शिजवलं हा मुद्दाच नाही, मुद्दा चरबीचा. आता उकडलेलं कातडीविना चिकन, थोडा भात, दुधी. कच्च्याचं नाव काढत नाही आम्ही.

पंचवटी, ल्हासा

घर शाकाहारी. सासूबाईंनी बाल्कनीत अंड्यापर्यंत परवानगी दिलीय, तीही उकडलेल्या. पाकिटातले दाणे खातो, ठणठणीत आहे. पुढे वाचतेय.

निफाड, डॅशहाउंड

कच्च्या खाण्यात भाज्या-फळंही घाला म्हणतात. आपल्या भागात हे जपून. द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्याच्या मूत्रपिंडाला विष आहेत, आणि किती खाल्ल्यावर त्रास होईल याचा नेम नाही. आता संशय द्राक्षातल्या टार्टरिक आम्लावर आहे. पाच किलोच्या कुत्र्याला मूठभरसुद्धा खूप. काढणीच्या दिवसांत मण्यांचा खच पडलेला असतो, तेव्हा आमची बाई बागेत साखळीनेच फिरते. कांदा-लसूणही नाही, ना कच्चा ना शिजलेला, रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. लासलगावच्या शेजारी राहून कांदा चुकवायचा म्हणजे काय, ते आम्हाला विचारा!

पशुवैद्यकीय दवाखान्यात काम करते, म्हणून लिहिते

नुसतं बोनलेस घालणारे सर्वांत जास्त त्रास देतात. मांसात फॉस्फरस भरपूर, कॅल्शियम जवळजवळ नाही. मग शरीर हाडांतून कॅल्शियम ओढतं. दिवाणावरून उडी मारली आणि पाय मोडला, अशी पिल्लं येतात. हाड द्यायचं नसेल तर धुऊन, भाजून, मैद्यासारखी बारीक केलेली अंड्याच्या टरफलाची पूड, अर्धा किलो मांसाला साधारण अर्धा चहाचा चमचा. पिल्लाला मात्र अंदाजपंचे नको, आहार लिहूनच घ्या.

दुसरं, साल्मोनेला फ्रीजरमध्ये मरत नाही. कुत्रा धडधाकट दिसतो, पण त्याच्या शीतून जंतू पडत राहतात आणि तेच तोंड बाळाचा गाल चाटतं. अमेरिकेच्या पशुवैद्यक संघटनेने २०१२ मध्ये कच्च्या प्राणिज आहाराविरुद्ध भूमिका घेतली ती यासाठीच. कोंबडीच्या मानांबद्दलही सांगते. मेलबर्न विद्यापीठाच्या २०१८च्या अभ्यासात कच्चं चिकन, त्यातला कॅम्पिलोबॅक्टर हा जंतू आणि कुत्र्यांच्या पायांतलं बळ जाण्याचा एक आजार यांचा संबंध दिसला. घरात म्हातारं माणूस, तान्हं बाळ किंवा केमो घेणारं कुणी असेल तर माझं उत्तर सरळ नाही असं आहे.

इंदिरानगर (पुन्हा मीच)

मानांचं हे माहीत नव्हतं. टरफलाची पूड करून बघते. आमच्याकडे लहान मूल नाही, बाकी चालू ठेवणार.

नाशिकरोड, चिवावा

एकच भर. एवढ्याशा पिल्लाला 'भूक लागली की खाईल' म्हणून उपाशी ठेवू नका. काही तासांत साखर उतरते, थरथरतं आणि लुळं पडतं. खाणं बदलायचं तर थोडं थोडं, जुन्यात मिसळून.

धागाकर्ता

आमच्याकडे आई पंच्याहत्तरीची आहे, शित्झू तिच्याच पांघरुणात झोपतो. म्हणजे आमचं ठरलंच, शिजवून. तरी एक विचारतो, एप्रिल-मेमध्ये दुपारभर वीज गेली तर कच्च्याचे डबे कसे सांभाळता?

सातपूर, स्पिट्झ

फ्रीजर उघडायचाच नाही, भरलेला असला तर बराच वेळ धरतो. बिनहाडाचे आणि हाडाचे डबे वेगळे ठेवते. कडक बर्फ मऊ व्हायला लागला पण मांस अजून गार आहे, तर बिनहाडाचं लगेच शिजवून घालते. हाडाचं मात्र शिजवायचं नाही, शिजलेल्या हाडाच्या सळया होतात आणि आतडं फाडतात. गरम पडलं असेल तर दोन्ही डबे सरळ कचऱ्यात, आणि पिशवीला घट्ट गाठ, नाहीतर गल्लीतली मंडळी घंटागाडीच्या आधी पोचतात.