खुब्याचा सांधा बदलला, आई पाट सोडंना

लातूरवाला: आईचं ऑपरेशन होऊन महिना होत आला. वॉकरवर चालते, पण बाजेवर झोपणं अन् चुलीपुढं पाटावर बसणं सोडंना. औशाजवळ खेडं, संडास भारतीय. किती दिवस सांभाळावं?

अंबाजोगाईची सून: बाज आधी काढा. सुंभ सैल असलं की माणूस खाली खचतं अन् गुडघे खुब्याच्या वर येतात. ९० अंशापेक्षा जास्त वाकलं तर सांधा निखळायचं भ्याव. कमोडची खुर्ची मेडिकलवर मिळते. पायावर पाय नको, कुशीवर झोपताना मांड्यांमधी उशी. साधारण ६ ते १२ आठवडे, पण ऑपरेशन खुब्याच्या पुढून केलं का मागून त्यावर आहे, सर्जनलाच विचारा. आमच्या सासूबाईंना उभ्यानं भाकरी थापायला ओटा करून दिला, तेव्हा कुठं ऐकल्या!

परभणीकर: काठी चांगल्या बाजूच्या हातात. पायरी चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा. पोटरी सुजून दुखली किंवा एकदम दम लागला तर त्याच घडीला दवाखाना गाठा, रक्ताची गाठ असू शकते.

लातूरवाला: बाज गोठ्यात टाकली. आई बोलंना गेलीय.