सराई तिथेच का उभी आहे?

काल्पनिक जगातल्या गावची सराई आपलीशी वाटायला शेकोटी, लाकडी बाकं आणि दिलदार मालक पुरेसे आहेत, असं कुणी म्हणेल. मला ते अपुरं वाटतं. ती नेमकी तिथेच का उभी आहे आणि कुणासाठी, हे कथेत जाणवायला हवं.

आमच्या गोव्यात बघा. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांच्या जाचामुळे साष्टी-तिसवाडी या तालुक्यांतले देव नदीपलीकडे नेले गेले. साष्टीतल्या कुशस्थळी गावचा मंगेश १५६० साली फोंड्याकडच्या प्रियोळला आला. फोंड्याकडच्या देवळांच्या आवारात लांबून येणाऱ्या कुळाव्यांसाठी, म्हणजे तो देव कुलदैवत असलेल्या भक्तांसाठी, आजही अग्रशाळा, म्हणजे मुक्कामाच्या खोल्या आहेत. देव हलला, घरं विखुरली, तरी मुक्कामाची जागा सगळ्यांना बांधून ठेवते. कथेच्या सराईला एवढा मोठा इतिहास देता येतो, आणि तो फारसा कुणी देत नाही याची मला खरंच हळहळ वाटते.

पानात काय वाढायचं तेही ऋतूवर सोडा. काजूचा हंगाम असेल तर उर्राक, म्हणजे काजूच्या बोंडांच्या रसाची पहिल्या धारेची दारू, आणि तीच पुन्हा भट्टीवर चढवून केलेली फेणी. पावसाळ्यात सुका बांगडा, उकड्या तांदळाची पेज, सोलांची कढी. काजूचं झाडही पोर्तुगिजांबरोबर समुद्रापलीकडून आलेलं, आणि आता ते गावचंच झालंय! तुमच्या जगात असं परकं फळ कोणतं?

मालकाच्या स्वभावावर मात्र फार शब्द घालवू नका. नदीला पूर येऊन होडी बंद पडली आणि एकमेकांशी वैर असलेले पाहुणे तिथेच अडकले, तर तो कुणाला कुठे निजवतो, तो प्रसंग लिहा.