फणसाडला शेकरू दिसेल का? आईला घेऊन जायचंय

ठाणेकरीण:
नमस्कार मंडळी. जानेवारीच्या शेवटी आई (वय ६८, गुडघे कुरकुरतात) आणि नऊ वर्षांचा लेक यांना घेऊन मुरूडजवळच्या फणसाड अभयारण्यात जायचं म्हणतेय. मुक्काम काशीदला. आईने शाळेत जन्मभर 'राज्यप्राणी शेकरू' शिकवला, फळ्यावर चित्रं काढली, पण प्रत्यक्षात एकदाही बघितला नाही. लेकाला बिबट्या हवाय. चालायला किती लागतं? वाटाड्या घ्यावा का?

रेवदंड्याचा नाना:
ताई, बिबट्या आहे. मी वीस वर्षं जातोय, मला त्याची विष्ठा दिसली, तीही दोनदाच. लेकाला तेवढीच आशा दाखवा.

शेकरूचं जमेल, पण चालून नाही, बसून. फणसाडच्या पाणवठ्यांना गाण म्हणतात: चिखलगाण, धरणगाण अशी नावं ऐकाल. सुपेगावच्या गेटवर नोंद करा, गावातलाच माणूस सोबत घ्या आणि त्याला सरळ सांगा, बाबा, फिरवू नकोस, पाण्यापाशी बसव. आईंच्या गुडघ्यांनाही तेच बरं. सात वाजता जंगलात असलं पाहिजे. काशीदला पोहे खाऊन आरामात निघालात तर नुसतं ऊन खाऊन याल.

मागच्या फेब्रुवारीत मी आणि धाकटा भाऊ असेच बसलो होतो. तासभर काहीच नाही. मग टोपीवर टपटप काहीतरी पडायला लागलं, बघतो तर सालीचे तुकडे. वर शेकरू मागच्या पायांनी फांदी धरून उलटं लोंबत होतं आणि पुढच्या दोन पायांत फळ धरून कुरतडत होतं. भाऊ शिंकला, तसं खर्रर्र करून असं ओरडलं की अख्ख्या रानाला आमचा पत्ता लागला. म्हणून वर बघण्याआधी खाली काय पडतंय ते बघा. आणि शेंड्याला काड्यापानांचं घरटं दिसलं म्हणून लगेच हुरळू नका. एकटं शेकरू अशी चार-पाच घरटी बांधून ठेवतं.

पाणकोंबडी:
नानांना अनुमोदन. पक्ष्यांचं सांगते. तिबोटी खंड्या आता शोधू नका, तो पावसाच्या तोंडाशी येतो. पाण्यावर पाचू कवडा हमखास येतो, हिरवे पंख आणि लाल चोच. राखी धनेश आधी ऐकू येईल, मग दिसेल. गिधाडांचं नशिबावर आहे. जनावरांना द्यायच्या डायक्लोफिनॅक या वेदनाशामक औषधावर (ते दिलेलं गुरू मेल्यावर खाल्लं की गिधाडं मरतात) २००६ साली बंदी आली, पण तोवर देशभरातली बहुतेक पांढऱ्या पाठीची गिधाडं संपली होती. फणसाडला त्यांच्यासाठी मेलेली गुरं ठेवायची सोय केलीय, तरी आकाशात एखादं घिरट्या घालताना दिसलं तरी पुष्कळ समजा.

रेवदंड्याचा नाना:
एक राहिलं. खाजकुयली! जानेवारीत शेंगा वाळतात आणि लव उडते. पोराला वाटेवरचं मखमली काही हातात घेऊ देऊ नका. मी एकदा मखमल समजून गालाला लावली होती. गावातल्या आजीने तोंडाला शेण फासलं. बायकोने त्याचा फोटो काढला, तो अजून नातेवाइकांत फिरतोय.
बाकी हे जंगल जंजिऱ्याच्या नवाबाचं शिकारीचं राखीव रान होतं, १९८६ ला अभयारण्य झालं. शिक्षिका आहेत म्हणजे आईंना हे ऐकायला आवडेल.

ठाणेकरीण:
जाऊन आलो! दीड तास बसलो, लेक पन्नास मिनिटं गप्प बसला, हा घरचा विक्रम. पाचू कवडा त्यानेच आधी बघितला, बिबट्याचं नाव नंतर काढलंच नाही. कुयली वाटाड्याने लांबूनच दाखवली.
आईला शेकरूची फक्त शेपूट दिसली. फांदीवरून खाली लोंबणारी, नंतर तीही गेली. गाडीत बसल्यावर बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "इतकी वर्षं मी फळ्यावर शेपूट फारच आखूड काढत होते गं."