गारपिटीत गेलेल्या दोन प्लॉटांच्या नोंदी प्रबंधात कशा दाखवाव्यात?

प्रश्न : पीएच.डी. विद्यार्थिनी, वनस्पतिशास्त्र, नाशिक

सर्वांना नमस्कार. मी नाशिकमधील एका महाविद्यालयाच्या संशोधन केंद्रात पीएच.डी. करीत असून द्राक्षावरील केवडा रोगावर वेगवेगळ्या फवारण्यांचा काय परिणाम होतो, हा माझा विषय आहे. दिंडोरी तालुक्यातील एका बागेत ६ ट्रीटमेंट (वेगवेगळ्या फवारण्या) आणि ४ रेप्लिकेशन (प्रत्येक फवारणीची चार वेळा पुनरावृत्ती) अशा २४ प्लॉटांचा प्रयोग आम्ही घेतला. ऑक्टोबर छाटणीनंतर दर आठवड्याला, खुणेची फीत बांधलेल्या वेलींची पाने तपासून, रोगाच्या तीव्रतेचे गुण मी स्वतः वहीत लिहिले. शेवटच्या नोंदीच्या आदल्या संध्याकाळी गारपीट झाली आणि बांधाकडच्या दोन प्लॉटांतील पाने इतकी फाटली, की केवडा कोणता आणि गारांची इजा कोणती हे सांगता येईना. वहीत त्या दोन ओळी रिकाम्या आहेत.

माझ्या मार्गदर्शकांचे म्हणणे असे, की उरलेल्या तीन रेप्लिकेशनची सरासरी तिथे लिहावी, दोन आकड्यांनी काही बिघडत नाही, आणि मसुद्याचा साम्य अहवाल (इतरांच्या मजकुराशी किती जुळते हे सांगणारा सॉफ्टवेअरचा अहवाल) ८ टक्के आलेला असल्याने प्रबंध निर्दोषच आहे. सरांच्या मनात खोट नाही; माझी मुदत संपत आली आहे, याची त्यांना काळजी आहे. तरीही ते आकडे लिहायला माझा हात धजत नाही. शिवाय शोधनिबंधावर विभागातील एका ज्येष्ठ प्राध्यापकांचे नाव घालण्याची सूचना आहे आणि त्यांनी ती बाग पाहिलेलीही नाही. अशा वेळी रीत काय आहे आणि सरांशी मी कसे बोलावे?

उत्तर १ : सांख्यिकीचे शिक्षक

त्या ओळी तुम्ही रिकाम्या ठेवल्यात हे योग्य केलेत; त्या तशाच राहू द्याव्यात. सरासरी भरल्याने काही बिघडत नाही, हे सांख्यिकीच्या दृष्टीनेही टिकणारे नाही. खरी नोंद सरासरीच्या थोडी वर किंवा खाली पडतेच. तिच्या जागी नेमकी सरासरी लिहिली आणि ती प्रत्यक्ष नोंद म्हणून मोजली, की प्रयोगातील त्रुटी, म्हणजे फवारणी तीच असूनही प्लॉटाप्लॉटांत दिसणारा फरक, सामान्यतः आहे त्याहून कमी दिसते आणि फवारण्यांमधील फरक आहे त्याहून ठळक वाटू लागतो.

शेतावरच्या प्रयोगांत प्लॉट वाया जाणे नवे नाही. इंग्लंडमधील रोथॅमस्टेड येथे काम करणाऱ्या फ्रँक येट्स यांनी १९३३ मध्येच त्यासाठीची रीत मांडली आणि ती आजही कृषी सांख्यिकीत शिकवली जाते. तुमची रचना यादृच्छिक गटांची असेल, म्हणजे प्रत्येक रेप्लिकेशन हा एक गट असून त्यात सहाही ट्रीटमेंट एकेकदा, यादृच्छिक क्रमाने असतील, तर गहाळ प्लॉटच्या ट्रीटमेंटची उरलेली बेरीज ६ ने गुणावी, त्याच्या गटाची उरलेली बेरीज ४ ने गुणावी, दोन्ही मिळवून त्यांतून सर्व नोंदींची एकूण बेरीज वजा करावी आणि येणाऱ्या संख्येला १५ ने भागावे. तुमचे दोन प्लॉट गेले आहेत, म्हणून एकासाठी अंदाजी आकडा धरून दुसरा काढावा, त्यावरून पहिला पुन्हा काढावा आणि आकडे स्थिरावेपर्यंत हे करीत राहावे. याहून महत्त्वाचे असे, की हा अंदाज म्हणजे नोंद नव्हे. म्हणून त्रुटीच्या स्वातंत्र्याच्या मात्रा (त्रुटी मोजायला हाती उरणाऱ्या स्वतंत्र माहितीची संख्या) १५ ऐवजी १३ धराव्या लागतात आणि कोष्टकाखाली तसे स्पष्ट लिहावे लागते. नुकसान ट्रीटमेंटमुळे झालेले नसेल, तरच ही रीत चालते. गारपिटीला ही अट लागू पडते; फवारणीनेच पाने करपली असती, तर मी वेगळा सल्ला दिला असता.

सरांसमोर तक्रार घेऊन न जाता हे गणित घेऊन जा. ‘सर, सरासरीऐवजी ही रीत वापरली, तर तोंडी परीक्षेत कोणी विचारले तरी उत्तर देता येईल,’ एवढे म्हणणे पुरे आहे.

उत्तर २ : निवृत्त ग्रंथपाल

साम्य अहवालाविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण हा गैरसमज मी अनेक वर्षे पाहत आलो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनुसार १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही. १० ते ४० टक्के असल्यास प्रबंध सहा महिन्यांच्या आत सुधारून द्यावा लागतो. ४० ते ६० टक्क्यांसाठी एक वर्ष सुधारित प्रबंध देता येत नाही आणि ६० टक्क्यांपुढे नोंदणीच रद्द होते. हे सारे मोजमाप मजकुराचे आहे. सॉफ्टवेअर तुमची वाक्ये इतरांच्या वाक्यांशी ताडून पाहते. बागेत कोणी गेले होते की नाही, हे त्याला कळत नाही. मनाने रचलेला आकडा तर जगात दुसरीकडे कुठेच छापलेला नसतो, म्हणून त्याचे साम्य शून्य टक्के येते.

हिमालयातील जीवाश्मांवर चंदीगडच्या एका प्राध्यापकांनी वर्षानुवर्षे लिहिलेल्या निबंधांविषयी ऑस्ट्रेलियाचे भूवैज्ञानिक जॉन टॅलेंट यांनी १९८९ मध्ये ‘नेचर’मध्ये जाहीर शंका घेतली, तेव्हा मुद्दा वाक्यांच्या नकलेचा नव्हता. दाखवलेले नमुने त्या डोंगरांत सापडलेच होते का, हा प्रश्न होता.

उत्तर ३ : वैद्यकीय महाविद्यालयातील अध्यापिका

नावाच्या प्रश्नाबाबत. आम्ही वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीचे चार निकष पाळतो आणि इतर शाखांतही ते उपयोगी पडतात. कामाची आखणी, नोंदी किंवा विश्लेषण यांत भरीव वाटा, मसुदा लिहिणे किंवा चिकित्सकपणे सुधारणे, अंतिम मजकुराला संमती आणि संपूर्ण कामाची जबाबदारी, हे चारही लागतात. विभागाने जागा किंवा उपकरणे दिली असतील, तर त्या प्राध्यापकांचे ऋणनिर्देशात मनापासून आभार माना. बागमालकांनाही तिथे विसरू नका.

प्रश्नकर्ती

सर्वांची मी ऋणी आहे. सहामाही अहवालात गारपिटीची नोंद करून तो संशोधन सल्लागार समितीपुढे ठेवीन. आणखी एक शंका आहे. माझ्या वहीवर बोर्डो मिश्रणाचे (मोरचूद आणि चुन्याच्या फवारणीचे) निळे डाग पडले आहेत आणि दोन पानांवर शाई पसरली आहे. सर्व नोंदी नव्या वहीत नीट उतरवून समितीला ती दाखवली, तर चालेल का?

उत्तर : सांख्यिकीचे शिक्षक

प्रत अवश्य करा, परंतु समितीपुढे डागांची वहीच ठेवा आणि प्रत तिच्या सोबत असू द्या. पसरलेल्या आकड्यांवर पुन्हा गिरवू नका. जो वाचता येत नाही, त्याच्याशेजारी तसे लिहून आजची तारीख घाला आणि सही करा. रिकाम्या दोन ओळींपुढेही ‘गारपिटीमुळे नोंद घेता आली नाही’ असे आजच्याच तारखेने लिहा, त्या दिवसाच्या तारखेने नव्हे.